घरी बनवलेल्या स्पीकरला जाळीचं कापड कसं लावावं? (खोकं तयार, तोंड उघडं)

ऐरोलीची_लोकल | १२ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने दर शनिवार-रविवार घरात भुसा पाडून स्पीकरची एक जोडी उभी केली आहे. १८ मिमी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली पाटी), साडेसहा इंची वूफर (जाड आवाजाचा), एक इंची सिल्क डोमचा (रेशमी घुमटाचा) ट्वीटर (बारीक आवाजाचा). पाट्या तुर्भ्याच्या एका प्लायवाल्याकडून मशीनवर कापून घेतल्या. बाकी चिकटवणं, घासणं, लांबी (पुट्टी) भरणं, रंग, सगळं हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून. आवाज माझ्या कानांना तरी झकास वाटतो. बायकोचं मत असं, की आवाज ठीक आहे, पण ही दोन-दोन डोळ्यांची भुतं संध्याकाळी टीव्हीच्या बाजूला बघवत नाहीत.

तेवढ्यावर भागलं असतं. पण गेल्या रविवारी भाची आली, वय वर्षं तीन. तिनं सरळ ट्वीटरच्या मधोमध बोट दाबलं आणि म्हणाली, "मामा, बेल वाजत नाही."

डोम आत गेला. चिकटपट्टी लावून हलकेच ओढला, बाहेर आला, वाजतोय. पण आता तोंड झाकणं आलंच.

गोखले रोडवरून दोन मीटर काळं सुती कापड आणून ठेवलंय. सनमायकाला लावतात तो पिवळा रबरी गोंद घरात आहे. खोक्याच्या तोंडावरच कापड ताणून कडेनं चिकटवून टाकावं, असा बेत आहे. समोरची पाटी २२ सेंमी रुंद, ३८ सेंमी उंच. चालेल ना? की काही वेगळं करतात?

उगाच_एक | १२ जून, रात्री ११:५८

बेल वाजत नाही =)) =))

वाचतोय. बाकी या विषयातलं मला ओ की ठो कळत नाही.

सुतारपक्षी | १३ जून, सकाळी ६:५०

थांब. गोंदाचा डबा उघडू नकोस.

कापड खोक्याला कधीच चिकटवायचं नसतं. उद्या वूफर बिघडला, एखादा स्क्रू ढिला झाला, तर काय कापड फाडणार? कापडाची वेगळी चौकट करायची, कापड चौकटीला लावायचं आणि चौकट खोक्याला. चौकट हाताला निघाली पाहिजे आणि गाणं चालू असताना हलता कामा नये. खरं काम हे आहे. कापड ताणणं हे शेवटचं अर्ध्या तासाचं.

वागळे इस्टेटमध्ये फर्निचरच्या कारखान्यात २६ वर्षं काढली, म्हणून सांगतो. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

ऐरोलीची_लोकल | १३ जून, सकाळी ९:१५

काका, तुमचा प्रतिसाद वाचायला अडीच तास उशीर झाला. सकाळी सहाला उठून एका खोक्यावर प्रयोग उरकला होता.

निकाल: गोंद कापडातून वर आला आणि कडेनं सगळीकडे पिवळसर चकाकणारा पट्टा उमटला. वरच्या बाजूला ताण नीट बसला, खाली आलो तोवर कापडाला लाटा. एक कोपरा उचलून परत लावायला गेलो तर उचलेच ना. शेवटी ओढलं तेव्हा कापडाबरोबर रंगाचा पापुद्रा आला.

दुसरं खोकं सुखरूप आहे. मी आता गप्प बसतो.

टिचबटण | १३ जून, दुपारी २:०५

अरे देवा. असू दे, पहिलं पोलकं सगळ्यांचंच बिघडतं.

मला स्पीकरमधलं काही कळत नाही, पण नौपाड्यात वीस वर्षं शिवणाचे क्लास घेते. रबरी गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावून दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचा असतो. बोटाला चिकटेनासा झाला की मग एकदाच दाबायचा. तुम्ही ओल्यावर कापड ठेवलंत, म्हणून तो धाग्याधाग्यातून वर चढला. आणि एकदा बसला की सरकवता येत नाही. कापडाला सरकवायची मुभा लागते. आम्ही उगाच आधी कच्चा टाका घालत नाही.

दुसरं म्हणजे लाटांचं. कापड उरेब (तिरकं) कापलंत का? चौकटीच्या कडेला ताणा आणि बाणा समांतर नसेल, तर तुम्ही कितीही ओढा, ते तिरकं पळणारच. कापायच्या आधी आडवा एक धागा काढून बघा. त्या रेषेवर कात्री चालवलीत की सरळ येतं.

ऐरोलीची_लोकल | १३ जून, दुपारी २:३०

ताई, मी दोन मीटरमधून अंदाजानं तुकडा फाडला होता. 'उरेब' शब्द आज आजीनंतर पहिल्यांदाच ऐकला.

निमडेसिबल | १३ जून, रात्री ८:१०

माझं मत विचारलं नाहीये तरी देतो: लावूच नका. चार महिने घालवून ट्वीटर निवडला, क्रॉसओव्हर (वूफर-ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणारं सर्किट) जुळवला आणि आता त्याच्या तोंडावर फडकं? मी खारघरला स्वतःचे स्पीकर जाळीशिवाय ऐकतो. पाहुणे आले की झाकतो. तुम्हीही भाची येणार असेल तेव्हा टॉवेल टाका.

वाल्व्ह_रेडिओ | १३ जून, रात्री ९:०२

निमडेसिबल, थोडं सबुरीनं.

बीबीसीनं सत्तरच्या दशकात फिरत्या प्रक्षेपण गाड्यांसाठी एक छोटा मॉनिटर स्पीकर बनवला, एलएस३/५ए. आजही त्याच्या जुन्या जोड्यांना लोक वाट्टेल ती किंमत मोजतात. त्यात केईएफ कंपनीचा बी११० वूफर आणि टी२७ ट्वीटर. तो स्पीकर मुळात जाळी *लावलेली* धरूनच जुळवला होता. टायगन नावाचं विणलेलं प्लास्टिक धाग्याचं कापड, ट्वीटरभोवती फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) पट्ट्या, आणि जाळी खोक्याला कशानं धरलेली? वेल्क्रोनं. बीबीसीच्या इंजिनिअरांना वेल्क्रो चालला तर ऐरोलीला चालायला हरकत नसावी. (हलकेच घ्या.)

अवांतर: आमच्या घरी मर्फीचा वाल्व्हचा रेडिओ होता. मर्फीचा कारखाना इथे ठाण्यातच होता, त्यामुळे आमच्या चाळीत त्या रेडिओला जवळजवळ नातेवाईकाचा मान. त्याच्या कापडात सोनेरी धागा होता. रात्री डायलचा दिवा लागला की तो लुकलुकायचा. वडील त्या कापडाला कोणाला हात लावू देत नसत. हाताच्या तेलकटपणानं तिथे धूळ धरते आणि ती पुन्हा निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे.

निमडेसिबल | १३ जून, रात्री ९:२०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सुतारपक्षी | १३ जून, रात्री १०:३०

आता सविस्तर.

चौकट १२ मिमी एमडीएफची कर. चार पट्ट्या जोडण्यापेक्षा एकाच पाटीतून मधला भाग जिगसॉनं काढून टाक. मग कोपऱ्यात जोडच उरत नाही आणि गुण्या लावत बसायला नको. पट्टी निदान २० मिमी रुंद ठेव. पोरं ६ मिमी प्लायची नाजूक चौकट करतात आणि कापड ताणलं की लांब बाजू आत वाकतात, चौकट डमरूसारखी दिसते. तुझी ३८ सेंमीची बाजू आहे, म्हणजे मध्ये एक आडवी पट्टी देच. पण ती वूफर आणि ट्वीटरच्या मधल्या जागेवर यायला हवी, ट्वीटरच्या पुढून जाता कामा नये.

माप: खोक्याच्या पाटीएवढीच चौकट केलीस तर कापड गुंडाळल्यावर ती बाहेर डोकावणार. कापडाची जाडी धरून चारी बाजूंनी एक-दीड मिमी कमी घे.

आता महत्त्वाचं. चौकटीचा पुढचा चेहरा सपाट ठेवू नकोस. बाहेरची कड उंच आणि तिथून आतल्या बाजूला उतार, कानशीनं किंवा रंध्यानं. म्हणजे कापड फक्त बाहेरच्या कडेवर टेकेल. सपाट ठेवलीस तर कापडातून चौकटीची सावली दिसते आणि तिथेच धूळ रेघ धरते. बाहेरची धारदार कड पॉलिश पेपरनं हलकीशी मार, नाहीतर कापड तिथेच कापलं जातं.

रंग: चौकट पण काळी आणि खोक्याची समोरची पाटी पण मॅट काळी. चकचकीत नको. कापड पातळ असतं, मागचा वूफरचा पांढरा पडदा किंवा स्क्रूचं चमकतं डोकं लगेच दिसतं.

एमडीएफच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवू नकोस. पावसाळ्यात पाणी पितात आणि फुगतात. पातळ केलेला फेव्हिकॉल दोन हात मार किंवा सीलर, मग रंग.

निमडेसिबल | १४ जून, दुपारी १२:४५

ठीक आहे, काल जरा जोरात बोललो. सुतारपक्षी काकांच्या उताराला माझ्या बाजूनं एक कारण जोडतो.

१०,००० हर्ट्झच्या आवाजाची लाट जेमतेम साडेतीन सेंटीमीटर लांब असते. ट्वीटरच्या शेजारी १२-१८ मिमी उंचीची सरळ भिंत उभी केलीत, तर ही लाट तिच्यावर आपटून थोडी उशिरा कानावर येते आणि वरच्या पट्टीत खड्डे-टेकाडं होतात. जाळीला लोक शिव्या देतात त्यात कापडाचा वाटा कमी आणि चौकटीच्या आतल्या कडेचा जास्त असतो. शंभर हर्ट्झची लाट मात्र साडेतीन *मीटर*. तिच्या दृष्टीनं चौकट नसल्यातच जमा. म्हणून वूफरभोवतीची कड कशीही चालेल, ट्वीटरभोवतीची उतरती हवीच. जमलं तर आतल्या कडेला पातळ फेल्टही लावा. बीबीसीवाल्यांनी ट्वीटरला तेच केलं होतं, हे वाल्व्ह_रेडिओ यांनी लिहिलंच आहे. (मान्य करतोय, नोंद घ्यावी.)

कापडाची परीक्षा: तोंडाशी धरून फुंका. फुंकर अडली तर ते पडद्याचं कापड, स्पीकरचं नाही. पण खरी परीक्षा कानानं करा. झांज किंवा टाळ असलेलं ओळखीचं गाणं लावा, डोळे मिटा, घरातल्या कोणाला तरी कापडाचा तुकडा ट्वीटरपुढे धरायला आणि काढायला सांगा. कधी धरलं ते सांगता आलं नाही, तर कापड पास.

कोपरखैरणे_कट्टा | १४ जून, दुपारी ३:३०

आमचं काम ऑर्केस्ट्रा आणि मंडळांचं. आमच्या खोक्यांना कापड टिकत नाही. वर लोखंडी भोकांची जाळी आणि तिच्या मागे पातळ फोम. पाऊस, नारळाचं पाणी, गुलाल, सगळं त्या फोमवर थांबतं. फोम दोन वर्षांनी चुरा होतो, बदलायचा. घरच्या स्पीकरला हे नको, फार ओबडधोबड दिसतं.

कापडाचं म्हणाल तर सुती घेऊच नका. मी पहिल्यांदा मांजरपाट काळा रंगवून लावला होता. जुलैत झोळी झाली.

टिचबटण | १४ जून, सायंकाळी ५:१०

बरोबर. सुती धागा हवेतलं पाणी पितो, आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. खाडीच्या दोन्ही काठांना जून ते सप्टेंबर कपाटातल्या साड्यासुद्धा ओलसर लागतात, तिथे ताणलेलं सुती कापड कसं ताठ राहील? आणि एकदा सैल पडलं की ऑक्टोबरच्या उन्हातही पूर्वीसारखं होत नाही.

ऐरोलीची_लोकल, ते दोन मीटर मला द्या. त्यात चार अस्तरं निघतील.

तुम्हाला हवं ते पॉलिएस्टरचं, खेळाच्या टी-शर्टला असतं तसं बारीक भोकांचं विणीचं कापड. विणीचं म्हणजे मोज्यासारखं, ते चारी बाजूंना थोडं ताणलं जातं, त्यामुळे कोपऱ्यावर चुण्या कमी पडतात. फक्त लायक्रावालं घेऊ नका. ते इतकं ताणतं की भोकं एका जागी मोठी आणि एका जागी बारीक दिसतात.

खाडीपलीकडे | १४ जून, रात्री ९:४०

तयार 'स्पीकर कापड' हवं असेल तर लॅमिंग्टन रोडला मागा, मीटरवर मिळतं. साधं कापड बघायचं तर मंगळदास मार्केट. आणि इतक्या लांब जायचं नसेल तर उल्हासनगरचं गजानन मार्केट, ठाण्याहून लोकलनं अर्धा तास. तिथे दुकानदारासमोर कापड तोंडाला लावून फुंकलंत तर तो एकदा बघतो आणि मग दुसरा तागा काढतो, सवय आहे त्यांना.

भिवंडी बाजूलाच आहे म्हणून तिथे जाल तर फुकट फेरी. तिथल्या मागावरचं बहुतेक कापड कच्चं, न रंगवलेलं, आणि किरकोळीत एक मीटर कोण देणार?

ऐरोलीची_लोकल | २२ जून, रात्री १०:१५

अपडेट. गजानन मार्केटला गेलो. फुंकलो. तिसऱ्या ताग्याला पास झालं. काळं, पॉलिएस्टर, बारीक षटकोनी भोकं. डोळे मिटून टाळांची परीक्षा बायकोकडून घेतली. दहापैकी पाच वेळा बरोबर सांगितलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. कापड पास.

चौकटी एकाच पाटीतून काढल्या. आतल्या कडेला उतार देताना एका चौकटीला ट्वीटरच्या बाजूला थोडा जास्तच उतार गेला, पण कापडाखाली जाणार म्हणून सोडून दिला. शिवाय पहिल्या खोक्याचा उखडलेला रंग घासून पुन्हा मॅट काळा मारला.

आता मुख्य प्रश्न. चौकट खोक्याला कशी धरायची? वेल्क्रो, चुंबक, की त्या प्लास्टिकच्या खुंट्या, ज्या रबरी खाचेत बसतात?

उगाच_एक | २२ जून, रात्री १०:२०

टिचबटण!! (आयडी पण आणि उत्तर पण)

टिचबटण | २२ जून, रात्री १०:४४

हसा. पण लोखंडी टिचबटण खरंच चालेल की? एक भाग चौकटीला, एक खोक्याला.

सुतारपक्षी | २३ जून, सकाळी ६:३०

ताई, चालेल, पण दोन्ही भाग मिमीभर सुद्धा चुकले तर लागणार नाहीत. आणि काढताना चौकटीवर जोर येतो. खुंट्यांचीही तीच अडचण. आठ भोकं अचूक समोरासमोर मारणं हाताच्या ड्रिलनं कठीण. पोरगं हौशी आहे, त्याला चूक पचवणारं काहीतरी द्या.

वेल्क्रो सगळ्यात क्षमाशील. पण त्याची जाडी तीन-चार मिमी येते, चौकट तेवढी खोक्यापासून उचललेली दिसते. खोक्याची पाटी आत बसवलेली असेल तर ती फट झाकली जाते, तुझी सपाट आहे.

म्हणून चुंबक. १० मिमी व्यासाचे, ३ मिमी जाडीचे निओडिमियम, प्रत्येक चौकटीला सहा. चौकटीच्या मागच्या बाजूला १० मिमीचं भोक, खोली तीन मिमीपेक्षा कणभर जास्त, दोन भागांच्या अराल्डाइटनं बसव. साध्या झटपट गोंदानं नको, झटक्यानं निघतो. समोर खोक्याला चुंबक लावायची गरज नाही, चपट्या डोक्याचा लोखंडी स्क्रू पाटीत बुडवून बसव आणि डोक्यावर काळा रंग. चुंबकाला चुंबक लावायला गेलास तर उत्तर-दक्षिण उलटं होऊन एखादी चौकट खोक्यापासून पळेल.

ऐरोलीची_लोकल | २३ जून, सकाळी ११:००

काका, वूफर ज्या स्क्रूंनी बसवलाय त्यांनाच चुंबक धरू दिला तर? वेगळे स्क्रू नकोत.

सुतारपक्षी | २३ जून, दुपारी १:१५

चुंबक लावून बघ आधी. तू चकचकीत स्टीलचे घेतले असशील. त्यांतले बरेच चुंबकाला धरत नाहीत.

ऐरोलीची_लोकल | २३ जून, दुपारी १:२२

नाही धरत. :(

डॉ_खाडीकाठ | २३ जून, रात्री ११:०५

धागा उशिरा पाहिला. मी लहान मुलांच्या विभागात काम करते, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तीन वर्षांची भाची आणि शर्टाच्या बटणाएवढे जोरकस चुंबक एका घरात असतील, तर प्रत्येक चुंबक कायमचा बसलाय याची खात्री केल्याशिवाय ते स्पीकर हॉलमध्ये नेऊ नका. मुलानं एक गिळला तर बहुतेक वेळा बाहेर पडतो. दोन किंवा जास्त गिळले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिरडली जाते आणि भोक पडतं. ही शस्त्रक्रियेची गोष्ट आहे, आणि सुरुवातीची लक्षणं साध्या पोटदुखी-उलटीसारखी असतात. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थांबायचं नाही, लगेच रुग्णालय.

म्हणून: अराल्डाइट चुंबकाच्या वरूनही एक थर, आणि त्यावर कापडाची घडी येऊ द्या म्हणजे बोटाला तो सापडणारच नाही. उरलेले चुंबक मोजून बंद डब्यात, वरच्या फळीवर.

ऐरोलीची_लोकल | २३ जून, रात्री ११:३०

डॉक्टर, मनापासून आभार. पाकिटात वीस होते, बारा लागणार, आठ आत्ताच मोजून कपाटावर ठेवले.

वाल्व्ह_रेडिओ | २४ जून, सकाळी ८:००

हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवून ठेवण्यासारखा. नातू येतो आमच्याकडे, फ्रिजवरचे चुंबक आजच काढले.

टिचबटण | २९ जून, दुपारी ४:२०

आज ऐरोलीची_लोकल यांचा मेसेज आला, उद्या कापड ताणणार आहेत. ताणायची रीत इथेच लिहिते, सगळ्यांना उपयोगी पडेल.

कापड चौकटीपेक्षा चारी बाजूंनी पाच सेंमी जास्त कापा. टेबलावर उलटं पसरा, चौकट त्यावर उताराची बाजू खाली. कापडावर उभी ओळ दिसत असेल तर ती चौकटीच्या लांब कडेला अगदी समांतर. इथे डोळ्यानं अंदाज घेऊ नका, पट्टी लावा. समोरून बघताना अर्धा सेंटीमीटरचं तिरकेपण सुद्धा डोळ्यात खुपतं.

आता चार बाजूंच्या चार मध्यांवर एकेक पिन. वरच्या मध्यावर मारली की समोरच्या खालच्या मध्यावर, मग डावी, मग उजवी. ढोलकीची दोरी आवळतात तसं, एका बाजूनं सुरू करून गोल फिरत जायचं नाही. मध्यापासून कोपऱ्याकडे दोन-दोन बोटांच्या अंतरानं, पण नेहमी समोरासमोर. कोपरे सगळ्यात शेवटी.

कोपऱ्याचं: टोक तिरकं धरून आत ओढा आणि एक पिन. उरलेले दोन कान पाकिटाच्या घडीसारखे एकावर एक. जाड झालं तर आतलं त्रिकोणी कापून टाका, पण पिनेच्या अगदी जवळ कात्री नेऊ नका. विणीच्या कापडाचा टाका सुटला तर जिन्यासारखा पळत जातो.

सुतारपक्षी | २९ जून, सायंकाळी ६:००

ताईंनी लिहिलंय ते सोनं. माझी एकच भर: टॅकरची (लाकडात पिना मारायच्या स्टेपलरची) पिन ६ मिमी. १२ मिमीच्या चौकटीला ती पुरते. १० मिमीच्या पिना उताराच्या पातळ बाजूनं पुढे डोकावतात. आणि पिन चौकटीच्या पाठीवर मार, कडेवर नको. एमडीएफची कड पिनेनं फाटते.

ऐरोलीची_लोकल | १ जुलै, रात्री ११:५०

झालं! दोन्ही चौकटी ताणल्या. पहिलीला दोन तास, दुसरीला पस्तीस मिनिटं.

एक-दोन ठिकाणी कापड किंचित सैल वाटलं, तर हेअर ड्रायर फिरवला. पॉलिएस्टर थोडं आवळलं आणि सपाट झालं. शेजाऱ्याकडे हीट गन आहे, ती आणायला निघालो होतो...

निमडेसिबल | २ जुलै, सकाळी ७:४५

नको! पॉलिएस्टर अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं आणि हीट गन त्याच्या दुप्पट सहज जाते. एका क्षणात भोक पडेल. हेअर ड्रायरच बरा.

ऐरोलीची_लोकल | २ जुलै, सकाळी ८:१०

...निघालो होतो, पण तो गावाला गेलाय. वाचलो.

ऐरोलीची_लोकल | १९ जुलै, रात्री ९:३०

नवीन अडचण. दोन आठवडे छान चाललं. पण आता तबल्याच्या डग्ग्याला डाव्या स्पीकरमधून बारीक 'भर्र' ऐकू येतंय. जाळी काढली की बंद. मोबाईलवर सूर काढणारं ॲप लावून २० ते २०० हर्ट्झ सरकवत गेलो, ८० च्या आसपास आवाज सर्वात जास्त. वूफर कापडाला लागतोय का? की चुंबक सुटला?

कोपरखैरणे_कट्टा | १९ जुलै, रात्री १०:००

वाजत असताना चौकटीच्या एकेका कोपऱ्यावर बोट दाबत जा. कुठे दाबल्यावर थांबतं, तिथे रोग.

ऐरोलीची_लोकल | १९ जुलै, रात्री १०:१२

खालचा डावा कोपरा. दाबला की चिडीचूप.

सुतारपक्षी | २० जुलै, सकाळी ६:१५

वूफर लागत असता तर मधोमध दाबल्यावर वाढलं असतं. तुझी चौकट एका कोपऱ्यात कणभर वाकलीय आणि लाकूड लाकडावर टकटकतंय. पावसाळी हवा, त्यात एमडीएफ. सीलर दोन्ही बाजूंना सारखा मारला होतास ना?

ऐरोलीची_लोकल | २० जुलै, सकाळी ९:४०

...मागच्या बाजूला नाही मारला. कोण बघणार म्हणून.

सुतारपक्षी | २० जुलै, सकाळी ९:५५

हवा बघते.

दरवाजाच्या फटीला लावतात ती पातळ फोमची पट्टी चौकटीच्या मागे चारी बाजूंनी लाव, चुंबकाची जागा सोडून. एक मिमी दबणारी बघ. जाड घेतलीस तर चुंबक पोचणार नाहीत.

ऐरोलीची_लोकल | २८ जुलै, रात्री ८:५०

जांभळी नाक्याला पट्टी मिळाली. भर्र बंद. २० ते २०० दोन्ही बाजूंनी सरकवलं, काही नाही.

रविवारी भाची आली होती. स्पीकरसमोर बसून बराच वेळ बघत राहिली. मग कापडावर बोट फिरवलं, दाबलं, कापड आत गेलं आणि परत आलं. मग मला म्हणाली, "मामा, बेल कुठे गेली?"

निमडेसिबल, तुम्ही कधी ऐरोलीला आलात तर जाळी काढून ऐकवतो. सहा चुंबक, एका हातानं निघते.

आणि पाऊण मीटर कापड उरलंय. कोणाला हवं असेल तर सांगा. काळं सुती टिचबटण ताईंना गेलं, हे पॉलिएस्टरवालं.

निमडेसिबल | २८ जुलै, रात्री ९:१५

मला द्या.

उगाच_एक | २८ जुलै, रात्री ९:१६

=))

निमडेसिबल | २८ जुलै, रात्री ९:२५

मांजर आणलंय घरी. नखं काढतं. शनिवारी ठाणे स्टेशन, फलाट ९ वर, चालेल का?